कूलरभाऊचा गंज

"विकतो! आज विकतो! आत्ताच्या आत्ता विकतो! कोणाच्या बापाचं ऐकत नाही मी आज!"

बबन ढोके तर्री-पोह्यांच्या ठेल्यासमोर उभा राहून असा काही ओरडत होता की कडुनिंबावरचे कावळे उडाले ते थेट कामठीला जाऊन बसले, आणि तिथल्या छावणीत म्हणे दोन जवानांनी सायरन समजून बूट घातले. त्याच्या एका हातात पोह्यांची प्लेट, दुसऱ्या हातात फोन. फोनच्या पडद्यावर सगळे शेअर लाल, प्लेटमध्ये तर्री लाल, आणि बबनचा चेहरा या दोहोंच्या मधल्या रंगाचा. गांधीबागेत साड्यांचं दुकान चालवणारा माणूस, लाल रंगाच्या छटा त्याला कोणी शिकवायला नकोत.

आमच्यातला एकजण मात्र मान खाली घालून पोह्यांत कांदा कालवत होता. त्यानं लिंबू पिळलं. बी पडली ती चमच्यानं कडेला काढली. मग विचारलं, "झालं तुझं?"

"नाही झालं!"

"बरं. नोंदवली तक्रार. आता पोहे खा, गार होऊन राहिले."

आणि ज्या बबननं आपल्या सासऱ्याचं मांडवातसुद्धा ऐकलं नव्हतं, तो बाकावर बसला आणि गुमान पोहे खाऊ लागला. शेवटी वरून तर्रीही मागितली.

लिंबाची बी काढणारा तो माणूस म्हणजे आमचा कूलरभाऊ.

खरं नाव मधुकर वैरागडे, पण ते फक्त आधार कार्डाच्या कामाचं. नागपूरच्या मे महिन्यात डांबरावर पापड टाकला तर उलटवायची गरज पडत नाही, दोन्हीकडून भाजून निघतो. अशा गावात देवाखालोखाल मान कोणाचा, तर कूलरचा. खिडकीत तो उभा असतो म्हणून घरात माणसं एकमेकांशी माणसासारखं बोलतात. मधुकर वैरागडे तसाच होता. त्याच्या बाजूला बसलं की डोक्यातली वाफ खाली यायची. घरात भांडून आलेले लोक त्याच्याशेजारी चहा पिऊन घरी जाताना बायकोसाठी गजरा नेत. मी स्वतः दोनदा नेला आहे, आणि दोन्ही वेळा माझ्या बायकोनं "आता काय करून आलात?" असं विचारलं आहे.

हा थंडपणा त्यानं नोकरीत कमावला होता. सारी हयात टेलिफोन खात्याच्या तक्रार खिडकीवर. फोन बंद पडला की माणूस किती पेटतो हे आताच्या पोरांना नाही कळायचं. एकदा एका गृहस्थानं घरचा मुका फोन वायरीसकट उपटला, खिडकीशी आणला आणि म्हणाला, "हा तुझ्या डोक्यात घालतो!" कूलरभाऊनं पेनाचं टोपण काढून विचारलं, "फोन बंद असल्याची तक्रार नोंदवू का डोक्यात घालायची? दोन्हीची रांग वेगळी आहे." तो गृहस्थ म्हणे मुकाट्यानं दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहिला. मी तिथं नव्हतो. पण ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे, की आता मी तिथं होतो असं म्हणायला हरकत नाही.

बाजारात आम्हाला कूलरभाऊनं नेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. निवाडा करायचा तर सगळा माल समोर मांडून करावा. बाजार चढत होता तेव्हा आम्ही आपणहून, गाजावाजा करत, वरातीत नाचत शिरावं तसे आत शिरलो. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो होतो. आयुष्यभर कालव्यातलं पाणी गळताना पाहिलेला माणूस, मला वाटलं एकदा तरी भरताना पाहू. बबन तर दुकानात गिऱ्हाईकाला साडी दाखवता दाखवता फोनवर शेअर घ्यायचा. तिसरा रामटेके. तो खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होता. फार कमी बोलायचा, आणि जे बोलायचा ते प्रेशर पाहून. त्यानंही फंडाचे पैसे घातले. कूलरभाऊ आमच्या आधीपासून बाजारात होता, म्हणून त्यानं आम्हाला रीत शिकवली. एकदम सगळे टाकायचे नाहीत. दर महिन्याला थोडे टाकायचे. टीव्हीवरच्या ओरडणाऱ्या माणसाचा आवाज बंद करून नुसता टाय पाहायचा. "त्याचा टाय दर दिवशी बदलते गा," तो म्हणायचा. "मग त्याचं म्हणणं काहून एकच राहीन?"

आणि मग बाजार पडला. लग्नाच्या मांडवात नवरदेवाचा बाप पडावा तसा पडला. सगळ्यांच्या देखत, आणि उठायचं नाव नाही.

आता आमची सकाळची बैठक म्हणजे चंदाबाईचा ठेला. बाजार उघडायची वेळ आणि तर्रीला पहिली उकळी यायची वेळ एकच. पहिल्या काही दिवसांत आमची अशी अवस्था झाली की चौघं बाकावर, चार फोन हातात, आणि पोह्यांवर माश्या. चंदाबाई म्हणाली, "भाऊ, मी पोहे विकून राहिली का अगरबत्त्या? तोंडं तं मयतीतले करून बसले सारे." तेव्हा कूलरभाऊ उठला. ठेल्याखाली तिचा एक जुना गंज पडला होता, म्हणजे आमच्याकडचं उभट, खोल पातेलं. दोन पायली धान्य नाही तर एखादं लहान लेकरू आरामात मावेल असं. तो त्यानं उचलून बाकावर ठेवला. खिशातून आपला फोन काढला, कपाळाला लावला आणि गंजात टाकला. ठण्ण आवाज झाला.

"पयला माहा," तो म्हणाला. "आता तुमचे आणा."

झालं, प्रथा पडली. रोज बाजार उघडायच्या आधी चौघांचे फोन गंजात, वर झाकण, झाकणावर कांद्याची परात. पोहे संपेपर्यंत, चहा होईपर्यंत आणि पेपरातलं चौघांचं राशिभविष्य मोठ्यानं वाचून होईपर्यंत झाकण उघडायचं नाही. आत फोन थरथरायचे. गंज असा गुणगुणायचा की रस्त्यावरचे लोक मधाचं पोळं समजून लांबून जायचे.

"माहा वाजून राहिला!" बबन उसळायचा. "तो माहाच आवाज आहे! खाली गेला, अजून खाली गेला!"

"तुही बायको असन," कूलरभाऊ म्हणायचा. "कोथिंबीर सांगत असन."

"अन् बायको नसन तं?"

"मग तक्रार नोंदवली. बस."

पण रोज न चुकता पहिला फोन त्याचा. देवापुढं पहिला नैवेद्य ठेवावा तसा. त्या एका ठण्ण आवाजावर आम्ही तिघं तरलो, हे मला आजही नाकारता येत नाही. जो माणूस आपल्यासारखाच बुडतो आहे आणि तरी फोन गंजात टाकतो, त्याचं ऐकावंसं वाटतं. त्याच्याजवळ दुसरं काही नसलं तरी चालतं.

त्याच्याजवळ दुसरंही होतं. काटोलकडं त्याच्या साळ्याची संत्र्याची बाग होती, त्यामुळं बाजाराची सगळी विद्या तो संत्र्यातून सांगायचा. संत्र्याला बहार आणायचा तर आधी ताण देतात. पाणी तोडतात. झाड सुकतं, पानं लोळतात, काही गळतात. "बाहेरचा माणूस पाहते अन् म्हणते, मेलं झाड," कूलरभाऊ सांगायचा. "बागवाला काय करते? खाट टाकते अन् बसते. त्याले मालूम असते. ताणावरच्या झाडापाशी एकच काम असते गा, कुऱ्हाड घरी ठेवाची."

"अन् झाड खरंच मेलं असन तं?" बबन विचारायचा.

"तं मग सारी बाग मेली. तुह्या एकट्याच्या झाडाचं काय घेऊन बसला?"

यात दिलासा कुठं आहे हे मला अजून सापडलेलं नाही. पण तेव्हा तिघांनाही हायसं वाटायचं.

एका सकाळी रामटेके आला नाही. कूलरभाऊनं पोहे अर्धे टाकले, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि तो त्याच्या घरी गेला. रामटेके व्हरांड्यात बसला होता, फोन मांडीवर, अंगठा विकायच्या बटणावर, आणि चेहरा बॉयलरची शिट्टी वाजायच्या आधी व्हावा तसा. कूलरभाऊनं बाजाराचं नावसुद्धा काढलं नाही. म्हणाला, "चल, कामठीले जाचं आहे. काम आहे." रामटेकेनं विचारलं, "काय काम?" तर म्हणाला, "तिथं गेल्यावर आठवन."

आणि त्याला कामठीच्या शेअर ऑटोत कोंबलं. त्या ऑटोत माणूस एकदा बसला की त्याचे हात त्याचे राहत नाहीत. रामटेकेचा उजवा हात एका विणकराच्या कापडाच्या गठ्ठ्याखाली अडकला, डावा एका म्हातारीच्या बकरीखाली. फोन खिशात, खिसा बकरीच्या ताब्यात. कामठीला उतरून चहा प्यायले, काम आठवलं नाही, पुढच्या ऑटोनं परत. नागपुरात उतरल्यावर कूलरभाऊला आठवलं की काम कामठीलाच होतं. पुन्हा ऑटो. अशा फेऱ्या रामटेके चार सांगतो, मी सात सांगतो. बाजार बंद होईस्तोवर त्या भल्या माणसाला बटण दाबायला अंगठा मिळाला नाही.

शेवटच्या फेरीत रामटेकेनं त्याला विचारलं होतं. "मधू, तुले भेव नाही लागत का गा?"

कूलरभाऊ ऑटोच्या बाहेर पाहत होता. "आता मस्त झोप लागते मले," तो म्हणाला.

रामटेके हे वाक्य आम्हाला दुसऱ्या दिवशी एखाद्या साधूची भेट झाल्यासारखं सांगत होता. आम्ही ते ऐकून माना डोलावल्या. बबननं तर ते दुकानातल्या गल्ल्यामागं खडूनं लिहून ठेवलं.

माझी परीक्षा त्यानंतर आली. माझी मुलगी मंजू फिजिओथेरपिस्ट. धंतोलीत एका मोठ्या दवाखान्यात दुसऱ्याच्या पाटीखाली लोकांचे गुडघे आणि खांदे मोकळे करायची. साऱ्या विदर्भाचे गुडघे धंतोलीत येतात, आणि धंतोलीत आल्यावर त्यांना पहिली गोष्ट भेटते ती म्हणजे जिना. मंजूचं एकच स्वप्न होतं. स्वतःचं क्लिनिक, आणि ते तळमजल्यावर. "बाबा, गुडघ्याचा पेशंट पायऱ्या चढून माझ्याकडं आला, तर तो बरा आहे, त्याला माझी गरज नाही," असं ती म्हणायची. तर त्याच उन्हाळ्यात तिच्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत तळमजल्याचा एक गाळा रिकामा झाला. धंतोलीत तळमजला रिकामा होणं म्हणजे दीक्षाभूमीच्या मेळ्यात बसायला खुर्ची मिळणं. मालकाला अनामत महिनाअखेरीला हवी होती. माझे पैसे सगळे बाजारात, आणि बाजारात वाळत घातलेल्या आंब्यासारखे आकसलेले. विकले असते तर गाळ्यापुरते निघाले असते. मागं काही उरलं नसतं.

मी दुपारच्या उन्हात कूलरभाऊच्या घरी गेलो. वहिनींनी पन्हं दिलं. खिडकीतला कूलर घरघरत होता. मी सगळं सांगितलं. गाळा, मालक, मंजू, जिना. शेवटी विचारलं, "मधू, काय करू?"

तो खिडकीतल्या कूलरकडं वळला. मग उठला, बादली घेतली आणि कूलरच्या टाकीत पाणी ओतू लागला. टाकी भरलेलीच होती. पाणी खाली वाहून गेलं, वहिनी आतून ओरडल्या, "अहो, पोहून राहिला न तो कूलर!" तरी त्यानं बादली पूर्ण रिकामी केली. परत येऊन बसला. ओले हात लुंगीला पुसले.

"थांब," तो म्हणाला.

"नक्की?"

"थांब गा. गाळे भेटतात."

मी घरी जाऊन मंजूला सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. माझी मुलगी आहे, भांडायला कमी नाही. पण ती फक्त "बरं, बाबा" म्हणाली आणि ओढणी घेऊन ड्यूटीवर गेली. गाळा एका रक्त तपासणीवाल्यानं घेतला. तिथं आता उपाशीपोटी आलेले लोक तळमजल्यावर बसून असतात, आणि पुढच्या रस्त्यावर गुडघेवाले दवाखान्याचे जिने चढतात.

आम्ही थांबलो. ताण संपला, बहार आला. बाजार हळूहळू, रुसलेल्या जावयासारखा, दहा वेळा मागं वळून पाहत घरी परतला. रामटेके पुन्हा मिशीला काळं करू लागला. बबननं गाडी बुक केली आणि लाल रंगाची घेतली. आम्हा तिघांच्याही मनात एकच गोष्ट आली. आपण मराठी माणसं, आपल्यावर कोणी उपकार केला की आपण त्याला मोकळं सोडत नाही. त्याचा सत्कार करतो.

इतवारीतल्या भांड्यांच्या ओळीतून नवा कोरा, मोठा, पितळी गंज घेतला. त्यावर नाव टाकून घ्यायचं होतं. मजकूर बबनचा: "कूलरभाऊंस, न विकलेल्या मित्रांकडून सप्रेम." भांड्यावर अक्षरं कोरणारा माणूस मशीन थांबवून म्हणाला, "भाऊ, आजवर कोणी विकत घ्यायला आलं नाही का तुम्हाले?" शाल घेतली, नारळ घेतला, संत्रा बर्फी घेतली. रविवारी दुपारी कूलरभाऊच्या घरीच जमलो. वहिनींनी वडाभात केला होता.

कूलरभाऊ नको नको म्हणत होता. आम्हाला तो विनय वाटला. त्याला खुर्चीत दाबून बसवलं, शाल पांघरली, मांडीवर गंज दिला, गंजात नारळ. तो त्यात लग्नातल्या मावशीसारखा दिसत होता. मग बबन भाषणाला उभा राहिला. माइक नव्हता, गरजही नव्हती.

"मित्रहो!" आम्ही दोघंच मित्र समोर होतो, पण तो गल्लीला उद्देशून बोलत होता. "आपण सारे बुडून राहिलो होतो. हा माणूसही बुडून राहिला होता! याचेही आयुष्यभराचे पैसे त्याच पाण्यात होते! पण यानं काय केलं? पयला फोन कोणाचा? याचा! स्वतःचं घर जळून राहिलं असताना जो शेजाऱ्याच्या घरावर पाणी टाकते..."

वहिनी तेवढ्यात ताटं घेऊन बाहेर आल्या. नवऱ्याचं कौतुक चाललेलं ऐकून त्यांचा चेहरा फुलला होता. त्यात आपलीही भर घालावी असं कोणत्या बायकोला वाटणार नाही?

"नाही वो भाऊजी, यांचे कुठं बुडले?" त्या म्हणाल्या. "यांनी तं बाजार पडला त्या पयल्याच हप्त्यात सारे काढून बँकेत टाकले न! झोपच नव्हती लागत यांले. रातभर पंख्याकडं पाहत राहत, नाही तं उठून अंगणात फिरत. मीच म्हटलं, काढून टाका अन् झोपा. मग झोपले बाप्पा, काय घोरले!" आणि बबनच्या हातात ताट देऊन म्हणाल्या, "वड्यावर तेल टाकू का अजून?"

बबनच्या हातातलं ताट तसंच राहिलं. माझ्या हातातली बर्फीही तशीच राहिली. मी कूलरभाऊकडं पाहिलं. तो गंजातल्या नारळाकडं पाहत होता.

"शाल काढ!" बबन ओरडला. कावळे बिचारे अजून कामठीहून परतले नसतील. "पयले ती शाल काढ! काढ म्हणतो न!"

"काय झालं वो?" वहिनी भांबावल्या. "मी काय बोलली?"

"मी रोज माहा फोन टाकला त्या गंजात! रोज! माह्या फोनमधी माही दुकान होती, माही पोरं होती! याच्या फोनमधी काय होतं? अलार्म?"

कूलरभाऊनं शाल काढली. मूळच्या घड्यांवर नीट घडी घातली आणि खुर्चीच्या हातावर ठेवली. मी वाट पाहत होतो, की आता तो म्हणेल, नोंदवली. म्हणाला नाही. त्याचे हात थरथरत होते. इतक्या वर्षांत त्याचे हात थरथरताना मी पहिल्यांदा पाहिले, आणि माझा राग त्यानं कमी झाला नाही, वाढला. म्हणजे हे हात थरथरू शकत होते तर.

रामटेके जोडे घालत होता. दाराशी थांबून तो म्हणाला, "मी बॉयलरपाशी उभा होतो, मधू. मले वाटे तू बाजूले आहे. अन् तू गेटच्या बाहेर उभा राहून मले हात दाखवत होता." एवढं लांब वाक्य तो नंतर कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

वडाभात तसाच राहिला. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांना ते कशासाठी आलं हे सांगायला कोणी थांबलं नाही.

त्यानंतर मी मागचं अख्खं वर्ष निसून पाहिलं, तांदळातले खडे पाहावेत तसं. एक तरी खोटं वाक्य सापडावं. एक सापडलं असतं तर मी ते फ्रेम करून लावलं असतं. पण त्या बेट्यानं एकही सोडलं नव्हतं. तो "थांबा" म्हणाला. "मी थांबलो" कधीच म्हणाला नाही. "पयला माहा" म्हणाला, तर पहिला फोन खरंच त्याचा होता. "आता मस्त झोप लागते", लागतच होती. ज्याचं झाड तोडून झालं आहे त्यानं कुऱ्हाड घरी ठेवायला सांगणं सोपं असतं. कूलरचं तोंड आपल्याकडं असतं आणि पाठ उन्हात, म्हणून आपण त्याला मानतो. आम्हाला वाटत होतं याची पाठ आमच्यासाठी भाजून राहिली आहे. यानं तर पाठसुद्धा आत घेतली होती.

आणि गंमत पाहा. तोटा झाला तो त्याचाच. आमचे पैसे परत आले, वर चार जास्त आले. त्याचे बँकेत पडून राहिले, मिळालं ते व्याज. घरफोडी झाली तर पोलिसात जाता येतं. पण ज्यानं आपलं घर राखलं, आणि राखताना कळू दिलं नाही की तो स्वतः इथून केव्हाच निघून गेला आहे, त्याची तक्रार कोणत्या खिडकीवर करायची? बबनला विचारलं तर तो म्हणतो, "त्यानं आपल्याले फसवलं." मी म्हटलं, "पण बबन, फसवून तुले गाडी आली न." तो म्हणाला, "म्हणूनच जास्त राग येते." तो आता कूलरभाऊच्या घरावरून जाताना मुद्दाम हॉर्न वाजवतो.

ठेल्यावरची बैठक मोडली. चंदाबाईचा गंज पुन्हा चण्याच्या कामाला लागला. मध्यंतरी बाजार पुन्हा जरा डळमळला, तेव्हा मी ऐकलं की रामटेके एकटाच कामठीच्या ऑटोत बसून गेला आणि परत आला. मीही फोन घरी धान्याच्या डब्यात टाकून पेपरातलं भविष्य वाचत बसलो. तोंडात त्याचंच वाक्य होतं, कुऱ्हाड घरी ठेवाची. मला त्याची लाज वाटली, पण वाक्य काही गेलं नाही.

मागच्या महिन्यात मी मंजूचा डबा द्यायला धंतोलीत गेलो. लिफ्ट बंद होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक माणूस बसला होता, गुडघ्यावर गरम पट्टा, हातात फाइल. कूलरभाऊ. गुडघा गेला होता, आणि डॉक्टरनं त्याला व्यायामासाठी पाठवलं होतं माझ्या मुलीकडं, दुसऱ्या मजल्यावर. चार पायऱ्या चढून तो परत खाली येऊन बसला होता.

मी डबा पायरीवर ठेवला. इतक्या महिन्यांचं जे काही साचलं होतं ते सगळं त्या जिन्यात ओतलं. वरचे पेशंट कठड्यावरून वाकून पाहू लागले. तो ऐकत होता, खिडकीवर बसल्यासारखा.

"बबनचं सोड," मी म्हटलं. "रामटेकेचं सोड. फोन गंजात टाकला, ते बी सोड. पण त्या दुपारी मी तुह्या घरी आलो होतो, मधू. मंजूच्या गाळ्यासाठी आलो होतो. तळमजला होता, पायरी नव्हती एक. तू विकून बसला होता अन् मले थांब म्हणाला. तवा तरी सांगाचं होतं. 'मी विकले.' दोन शब्द होते न बे!"

तो गुडघ्यावरचा पट्टा चाचपत राहिला. मग वर जिन्याकडं पाहिलं.

"तू 'मी काय करू' विचारलं होतं गा," तो म्हणाला. "'तू काय केलं' हे कोणी विचारलंच नाही."